डाव्या बाहीचं माप

आईच्या हातावर दाव्याचा वळ दुपारपर्यंत तसाच राहिला, तिथून हे सगळं सुरू झालं.

त्या रविवारी मी माहेरी गेले होते. सकाळी गाय बांधताना दाव्याचा एक वेढा आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर पडला. गाईनं मान झटकली, दावं आवळलं आणि सुटलं. रोजचंच. एरवी असा वळ चहा उकळेपर्यंत दिसेनासा होतो. बारा वाजता ती भाकरी थापायला बसली तेव्हाही तो तिथंच होता. मी तिचा हात ओढून घेतला आणि अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा राहिला, भिजवलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा.

"दुखतंय का?"

"दुखत न्हाई. जड लागतंय निस्तं. वला बारदाना टाकल्यावानी."

"कधीपासून?"

"आसंल म्हैना-दोन म्हैनं," असं म्हणून तिनं हात सोडवून घेतला आणि भाकरी तव्यावर टाकली.

माझं माहेर बेलापूरच्या अलीकडे, पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या गावात. मी राहात्याला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माहेर आणि सासर, दोन्ही घरांत मिळून पदवी घेतलेली पहिली मीच. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. एसटीचा पास, दुसऱ्याची पुस्तकं आणि आईनं बांधून दिलेली भाकरी यांच्यावर ती पदवी झालेली आहे. आणखी एका कारणासाठी सांगते. पुढं जे घडलं त्यातल्या चुका अडाणीपणाच्या नव्हत्या. निदान माझ्या तरी नव्हत्या.

रक्ताभिसरणाच्या धड्याला जोडून लसीका संस्थेवर चार-पाच ओळी असतात. दरवर्षी मी तिथं आले की म्हणायचे, "एवढं घरी वाचून ठेवा, यावर सहसा प्रश्न येत नाही."

वळाच्या त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी आईच्या छातीत डावीकडं गाठ निघाली होती. ऑपरेशन नगरला झालं. गाठीबरोबर काखेतल्या ग्रंथीही काढल्या. मग पाच-सहा आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे होते, म्हणून ती माझ्याकडं राहात्याला राहिली. माझा धाकटा तेव्हा रांगत होता. गावात सांगितलं, लेकीला नोकरी, पोर लहान, म्हणून गेलीय. कॅन्सरचं सांगायचं नाही, हे मीच ठरवलं. माझ्या धाकट्या भावाचं लग्न व्हायचं होतं. "हा शब्द घरात आला की स्थळं उंबऱ्याबाहेरच थांबतात," असं मी आप्पांना म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील. शिकलेल्या लेकीपुढं ते फारसं बोलत नसत.

दवाखान्यातून सोडताना इंग्रजीत लिहिलेला एक कागद मिळाला होता. तो मी वॉर्डातच मराठीत मोठ्यानं वाचून दाखवला, शेजारच्या खाटेवरच्या बायाही ऐकत होत्या. डाव्या हाताला इंजेक्शन घेऊ नका, रक्तदाब मोजू देऊ नका, जखम सांभाळा. शेवटची ओळ होती, हातावर सूज वाटली तर लगेच दाखवा, उशिरासुद्धा येऊ शकते. ती मी वाचलीच नाही. ऑपरेशन झालं म्हणजे थोडी सूज येणारच, त्यात काय सांगायचं, असं मला वाटलं. कागद फायलीत गेला, फाईल कपाटात.

आमची चुलती, म्हणजे काकू, भिंतीला भिंत लागून राहते. तोंडानं फटकळ, पण हाकेला पहिली धावणारी. माझ्या भावासाठी तिनं आपल्या सख्ख्या बहिणीची मुलगी आणली आणि लग्न ठरलं. म्हणजे ज्या घरापासून लपवायचं ते घर आता आणखी जवळ आलं. आईला ती आक्का म्हणते.

"काय वो आक्का, एका हातानंच जेवता का काय? एकच हात बाळसं धरायलाय!" काकू एकदा ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाली.

बाया हसल्या. आईसुद्धा हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र डावा हात पदराखाली गेला. ब्लाउजच्या डाव्या बाहीची शिवण उसवून तिनं आत एक पट्टी जोडली होती, दुसऱ्याच रंगाची. पदर असल्यामुळं ती पट्टी मला कितीतरी दिवस दिसली नव्हती.

काय झालंय म्हणून कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, गाईनं झटका दिला, हात मुरगळला. मग मुरगळलेल्या हाताला जे करतात ते झालं. काकूनं हाडवैद्य आणला. त्यानं कोमट तेल लावून दंडापासून मनगटापर्यंत रगडून रगडून हात ओढला, वर विटेचा शेक दिला. सकाळी हात आणखी फुगलेला. मी फोनवरून आप्पांना नको नको ते बोलले. "अडाण्यासारखं करता तुम्ही," हे वाक्य मी वडिलांना उद्देशून बोलले आहे. ते आजही मला खुपतं.

आणि मग शिकलेलीनं काय केलं? मोबाईलवर शोधून हाताला घालायची एक घट्ट लवचिक बाही मागवली. कुणाला विचारलं नाही. हात मोठा दिसतो म्हणून माप मोठं. तरीही ती दंडाला काचत होती आणि मनगटावर संपत होती. मी आईला बजावलं, दिवसभर काढायची नाही. आई माझी आज्ञाधारक. तिनं काढली नाही. चौथ्या दिवशी हातातलं सगळं पाणी पंजात उतरलं. बोटांच्या पेरांवरच्या रेषा बुजल्या, हाताच्या पाठीवरच्या शिरा दिसेनाशा झाल्या. डाव्या मनगटातल्या चार हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या.

आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नवरा असताना मुद्दाम तर कुणी वाढवतच नाही. आप्पा पकड घेऊन आईच्या पुढ्यात बसले, खाली फडकं धरलं आणि तसेच बसून राहिले.

"वाढवू का?"

"वाढवा. तुमीच वाढवा, दुसरं कुनी नगं."

चारही वाढवल्या. चौथीची एक कपची मनगटाला लागली. तिळाएवढं रक्त आलं, हळद लावली. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल आणि तापलेला, आईला हुडहुडी भरलेली. नगरला नेलं. डॉक्टरांनी चार-पाच दिवस ठेवून घेतलं, उजव्या हातातून औषधं दिली. सोनोग्राफी वगैरे करून पाहिलं. जुना आजार परत आलेला नव्हता. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "सुटलात, पण हाताकडं बघा. हा हात आता जन्मभर बघायचा." आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडं पाठवलं.

त्या बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. मी आत गेल्या गेल्या सांगितलं, मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. "मग बरं झालं, तुम्हाला पटकन कळेल," त्या म्हणाल्या. कळलं नाही. त्यांनी आईकडं तोंड करून सांगायला सुरुवात केली तेव्हा कळलं.

रक्त अंगभर फिरताना त्यातलं थोडं पाणी बाहेर झिरपतं. बहुतेक परत रक्तात जातं, उरलेलं पाणी केसाएवढ्या बारीक नळ्या उचलून नेतात. त्यांना हृदयासारखा पंप नाही. त्या आपापल्या आक्रसतात, आपण हात हलवला, खोल श्वास घेतला की पाणी पुढं सरकतं. हाताच्या नळ्या काखेतल्या ग्रंथींत जातात. आईच्या त्याच ग्रंथी काढलेल्या. वाट मोडली, पाणी मात्र यायचं थांबत नाही.

"मावशी, मोसंबी सोलताना साल आणि फोडी यांच्या मधे पांढरं जाळं असतं ना? तसं कातडी आणि स्नायूच्या मधेही असतं. पाणी त्या जाळ्यात साचतं. लवकर काढलं तर जाळं मऊ राहतं, बोट दाबलं की खळगा पडतो. फार दिवस साचून राहिलं की जाळंच जाड होतं, कडक होतं, त्यात चरबी धरते. मग दाबलं तरी खळगा पडत नाही. तुमचा अजून पडतोय."

आईनं सगळं ऐकून एकच विचारलं. "म्हंजी म्या जाड न्हाई झाले?"

"नाही हो मावशी. ही जाडी नाहीच."

आई माझ्याकडं वळली. चोरीचा आळ आलेला माणूस शेवटी निर्दोष ठरावा, तसा तिचा चेहरा.

मग बाईंनी हाताची सूज कशी उतरवायची ते दाखवलं. आधी मान, गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा. मग छातीवरून चांगल्या बाजूच्या काखेकडं. मग खांदा, मग दंड आणि सगळ्यात शेवटी मनगट आणि पंजा. तेही रगडायचं नाही. मिटलेल्या पापणीवर बोट ठेवावं एवढाच दाब, कातडी नुसती सरकली पाहिजे.

मी मधेच बोलले, "पण सूज हातात आहे. मग सुरुवात मानेपासून कशाला?"

दाराशी टोपी हातात घेऊन उभे असलेले आप्पा घसा खाकरून म्हणाले, "चर वड्याकडून काढत्यात."

बाईंना कळलं नाही. आप्पांनी सांगितलं, तसे ते भीत भीतच बोलत होते. आमचं खालचं वावर पाटाच्या पाण्यानं चिबड झालं होतं. चिबड म्हणजे पाणी मुरून मुरून दलदल झालेली जमीन, वर पांढरं फुटतं, ऊस पिवळा पडतो. अशा वावरातलं पाणी काढायला चर खोदतात. नवखा माणूस जिथं पाणी साचलंय तिथूनच खोदायला घेतो. चर तिथल्या तिथं भरतो. खोदायचा तो ओढ्याच्या बाजूनं, वर वर येत. "पान्याला आदी जायाला जागा पायजे. मंग ते आपसूक येतं."

"काका," बाई म्हणाल्या, "हे मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार."

मी वही उघडून बसले होते. त्या पानावर मी काहीच लिहिलं नाही.

मी राहात्याला, शाळा रोजची, त्यामुळं मानेपासूनचं हे काम आप्पांवर आलं. पट्ट्या बांधणंही. बोटांपासून सुरुवात, खाली घट्ट, वर सैल होत जायची, आत कापूस. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, दार लावून. दार लावलंच पाहिजे, कारण मान-छातीचं काम. गावात दुपारी कुणी दार लावत नाही. तिसऱ्याच दिवशी काकूचा आवाज भिंतीपलीकडून आला.

"म्हातारपनी दुपारची दारं लावून बसायली बगा मानसं!"

आप्पा तांबडेलाल झाले. आईनं आतूनच उत्तर दिलं, "तुज्या दाराला कडी न्हाई म्हून जळती व्हय गं?"

पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज आणि खो खो हसणं.

पहिले काही दिवस आप्पांचा हात जड पडायचा. फावड्याचा हात तो. आई म्हणायची, "अवो, हात हाय माजा. मातीचा गारा तुडवायला घेतला व्हय?" मग ते बोटं उचलून थांबायचे, श्वास सोडायचे आणि पुन्हा हळूच ठेवायचे. मी रविवारी जाऊन पाहिलं तेव्हा ते डोळे मिटून करत होते. मी विचारलं तर म्हणाले, "बगत केलं की जोर लागतो."

दर रविवारी मी शिवणाच्या टेपनं चार ठिकाणी हात मोजायचे आणि वहीत लिहायचे. मनगट, कोपराच्या खाली, कोपराच्या वर, दंड. पहिल्या रविवारी फरक शून्य. दुसऱ्या रविवारी मनगट जरासं. तिसऱ्या रविवारी दंड पाऊण इंचानं उतरला, पेरांवरच्या रेषा परत दिसायला लागल्या. मी ओरडलेच. आईनं हात फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "लग्नात वरमाईच्या जागी तुज्या काकूला बसव."

मला वाटलं चेष्टा आहे. नव्हती.

"भुंड्या हातानं कशी बसू मी? डाव्या हातात एक कांकन न्हाई. वर ह्या पट्ट्या. समदी येत्यात ती नवरीला बगून झालं की वरमाईलाच बगत्यात. म्या म्हैनाभर बगतीय, बोलताना मानसं माज्या तोंडाकडं बगत न्हाईत, हिकडं बगत्यात."

आमच्याकडं वरमाईचा मान मोठा. विहीण तिचे पाय धुते, ओटी भरते, मुलीकडून आलेली साडी नेसून, त्यावरचं शिवलेलं ब्लाउज घालून ती पाटावर बसते, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. एकुलत्या एका लेकाच्या लग्नात आई हा मान जावेला देऊन आत भांड्यांशी बसणार म्हणत होती. मी तिला पुष्कळ समजावलं. लसीका, जाळं, सूज किती उतरली, वही दाखवली.

"तुजं सायन्स मांडवात चालत न्हाई, बाय," ती म्हणाली.

आणि मी तरी लपवणं कुठं सोडलं होतं? ब्लाउजच्या मापासाठी मुलीकडच्यांनी आईचं एक ब्लाउज मागितलं, तेव्हा मी तिचं ऑपरेशनच्या आधीचं पाठवून दिलं होतं. दोन्ही बाह्या सारख्या असलेलं.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा काकूनं बांगड्या भरायला कासारीण बोलावली. शनिवार होता, सकाळची शाळा करून मी पोचले तर अंगणात बाया गोळा झालेल्या. कासारीण म्हातारी, सात-आठ गावांचे हात तिच्या हाताखालून गेलेले. "मी हात धरून सांगती, कुनाच्या घरात जातं हाय आन् कुनाच्या घरात मिक्सर," असं ती म्हणते आणि ते बहुतेक खरं निघतं. रिवाजाप्रमाणं पहिला मान वरमाईचा. आईचा उजवा हात भरून झाला होता.

मी चहाचा ट्रे आणायला आत गेले. खाटेवर आईच्या पट्ट्या पडलेल्या, नीट गुंडाळून. तिनं स्वतःच सोडल्या होत्या. मला काही न सांगता ती आज नशीब आजमावणार होती.

बाहेर आले तेव्हा डावा हात कासारणीच्या हातात होता. तिनं पंजा दाबून पाहिला, अंगठा आत दुमडून पाहिला, मनगटावर बोट टेकवलं आणि उचललं. खळगा दिसला. तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं.

"ह्यो मुरगळलेला हात न्हाई, बाई."

"मुरगळलाच हाय. गायनं झटका दिल्ता," काकू म्हणाली. "लाव साबन. मी धरती पंजा. लेकाच्या लग्नात हात मोकळा ठिवायचा का?"

आणि खरोखर तिनं आईची चार बोटं मुठीत आवळून धरली. प्रेमानंच. बांगडी पेरांपर्यंत गेली आणि अडकली. कातडी दोन्ही बाजूंनी पांढरी पडली. "जोर लाव की गं," काकू म्हणत होती. मला त्या काचेच्या कडेपलीकडं तिळाएवढं रक्त, लाल हात, हुडहुडी, सगळं दिसत होतं. शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचतो, शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मी ट्रे धरून नुसती उभी होते. थांबवायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि ज्या बाईपासून दोन वर्षं लपवलं तीच बाई आईची बोटं धरून बसली होती.

आईनं माझ्याकडं बघितलं. मग काकूच्या हातातून बोटं सोडवायचा प्रयत्न न करताच बोलली.

"आमच्या मास्तरीनबाई म्हनाल्या हुत्या, सांगू नगा. पन आता सांगती. मला कॅन्सर झाल्ता, छातीला. दोन वर्सं झाली. काखंतल्या गाठी काढल्या, म्हून ह्या हाताला पानी साचतं. काच लागली की ताप भरतो, मागं भरला हुता. मुरगळला-बिरगळला काय न्हाई."

काकूची मूठ आपोआप उघडली. कासारणीनं एवढंच केलं, साबणाचा फेस बांगडीच्या आतून फिरवला आणि ती बांगडी तसूतसूनं मागं घेत अख्खी काढली. वाढली नाही.

"ह्या हातात काच नगं," ती म्हणाली. "आन उजवा. दोनी हाताच्या एकाच हातात भरती. बांगड्या सवाष्नीला लागत्यात, डावा-उजवा कोन बगतंय?" आणि तिनं कोपराच्या खालपर्यंत उजवा हात भरला, वर आशीर्वादाची एक जास्त घातली. आई नुसती बघत बसली. डावा हात मांडीवर तसाच उघडा होता, पदर घ्यायचं तिच्या लक्षात आलं नाही.

काकू उठली. "भित्तीला भित्त हाय आपली, आक्का," ती म्हणाली. "दोन वर्सं?" चहा न घेता निघून गेली.

संध्याकाळी भाऊ जेवला नाही. आप्पांनी पट्ट्या बांधल्या, मानेपासून सगळं नीट करून. कुणी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. मी घरातली शहाणी. लग्न मोडू नये म्हणून जे केलं त्यानंच आता मोडतं की काय, एवढा एकच विचार. मी राहात्याला परत गेले नाही.

सकाळी मोबाईल वाजला. मुलीची आई. आईला नाही, मला. भाऊ दुधाची किटली उचलून निघाला होता, तो तिथंच थांबला. आई गोठ्यात गाईखाली बसलेली, डाव्या हातावर पट्ट्या, उजवा हात कोपरापर्यंत हिरवा. मी फोन स्पीकरवर टाकला, आता काही लपवून बोलायचं नाही म्हणून.

"ताई, मी रागावलीय, ह्ये पैलं सांगती," ती म्हणाली. "कानावर आलं ते खरं हाय का?"

"खरं आहे."

"आता कसं हाय?"

"बरं आहे. गोळ्या चालू आहेत. हाताचं जन्मभर सांभाळायचं."

"माज्या बहिनीनं काल सांजच्याला फोनवर रडून रडून जीव घेतला. म्हनती, म्या आक्काच्या हाताला हसले, चारचौघीत हसले. लगीन-बिगीन काय बोललीच न्हाई, त्येच एक घिऊन बसली." पलीकडं शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. "ताई, मी दुसऱ्याच कामाला फोन केलाय. विहीनबाईचं ब्लाउज कापायला घेतलंय. तुमी पाठवलेल्या मापाच्या दोनी बाह्या सारख्या हायत. शिंपी इचारतोय, डाव्या बाहीचं माप काय धरू?"

मला वही सापडेना. भावानंच ती खिडकीतून काढून दिली. मी शेवटचं पान उघडलं आणि वाचायला लागले, "दंडाचा घेर, उजवा अकरा. डावा साडेतेरा..."

"वहीतलं न्हाई, हाताच्या पट्ट्यांवरून माप घे," गोठ्यातून आईचा आवाज आला. धार थांबली नव्हती. "आन् त्यांना म्हनावं, अर्धा इंच सैल ठिवा. मला दिसभर बसायचंय."